चंदगडचा कंत्राटदार, बेळगावची शेड : थकलेल्या शेवटच्या बिलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कंत्राटदार चंदगड तालुक्यातला. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर तुरमुरी, बाची ओलांडली की महाराष्ट्र लागतो, तिथून जवळच गाव. वीस-बावीस माणसांची टोळी, स्वतःचं सेंट्रिंगचं सामान, एक मिक्सर, आणि सुपरवायझर म्हणून पुतण्या. जीएसटी नोंदणी महाराष्ट्राची, बँक खातं गडहिंग्लजला, कामं मात्र बहुतेक बेळगावात. मालक बेळगावचा. उद्यमबागेत त्याचा मशीनिंगचा कारखाना आहे आणि वाढत्या कामासाठी त्यानं शहराच्या दक्षिणेला नवा प्लॉट घेतला होता. दोघंही मराठी, एकमेकांच्या घरच्या लग्नकार्यांना जाणारे. या लेखापुरतं कंत्राटदाराला आप्पा आणि मालकाला शेठ म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रकमाही थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत, प्रमाण तेच ठेवलं आहे.

काम होतं लोखंडी ट्रसच्या शेडचं आणि तिला लागून दोन मजली ऑफिसचं. करार नोव्हेंबर २०१९ चा, मराठीत, चार पानांचा. महाराष्ट्राच्या शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून गडहिंग्लजला सह्या झालेल्या. रक्कम १ कोटी २० लाख, जीएसटी वेगळा, मुदत नऊ महिने. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का दंड, जास्तीत जास्त पाच टक्के. प्रत्येक चालू बिलातून पाच टक्के रिटेन्शन (हमी म्हणून राखून ठेवायची रक्कम) कापायचं आणि काम ताब्यात दिल्यावर बारा महिन्यांनी परत करायचं.

हा मसुदा एका जुन्या बंगल्याच्या करारावरून उतरवलेला होता. त्यात एक कलम असं होतं की लेखी आदेशाशिवाय जादा काम करू नये, केल्यास त्याचे पैसे मिळणार नाहीत. दुसरं असं : ‘कामाबाबत वाद झाल्यास आर्किटेक्टचा निर्णय दोघांवर बंधनकारक राहील.’ भाववाढीचं कलम नव्हतं. जमिनीखाली अपेक्षेपेक्षा वेगळं काही निघालं तर खर्च कुणाचा, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

समस्या कशी उभी राहिली

डिसेंबरमध्ये खोदाई सुरू झाली. नकाशात फुटिंगची, म्हणजे खांबाखालच्या पायाची, खोली दीड मीटर धरली होती. माती परीक्षण झालेलं नव्हतं. शेजारच्या प्लॉटवर दीड मीटरला मुरूम लागला, म्हणजे इथेही लागेल, एवढाच हिशेब. बेळगावच्या आसपास भातशेतीची जमीन बिनशेती करून बांधायला घेतली की ही फसगत हमखास होते. एका कोपऱ्यात तांबडा मुरूम हाताशी असतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात काळी चिकण माती खाली जातच राहते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर फुटिंग ठेवलं की भिंतींना तडे आलेच. शेडच्या पूर्वेकडच्या अकरा खड्ड्यांत दीड मीटरला काळीच माती होती.

आर्किटेक्ट साइटवर आला, खड्डे पाहिले आणि पुतण्याला म्हणाला, हार्ड मुरूम लागेपर्यंत खाली जा. संध्याकाळी फोटो पाठवल्यावर त्याचं व्हॉट्सॲपवर उत्तर आलं : ‘ओके. २.४ पर्यंत घ्या, खाली रबल सोलिंग करा.’ आप्पांनी शेठना फोन केला. शेठ म्हणाले, “आप्पा, तुम्ही काम थांबवू नका की. पैशाचं काय, बघूया.”

आप्पा पुढे गेले. वाढीव खोदाई, रबल (तळाला भरायचे दगड), मुरमाचा भराव, जादा काँक्रीट आणि सळई मिळून साडेनऊ लाखांचा खर्च झाला. चालू बिलांत त्यांनी तो धरला नाही. शेवटी एकदम हिशेब करू, असं त्यांच्या मनात होतं.

या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय हाच. मात्र आप्पांना भोळं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. जेसीबी तासाच्या भाड्यावर उभा होता, टोळीची हजेरी रोज पडत होती आणि उघडे खड्डे अवकाळी पावसात भरले असते. पत्रासाठी काम आठवडाभर थांबवणं त्यांना परवडणारं नव्हतं. पण थांबायची गरजही नव्हती. त्याच रात्री शेठ आणि आर्किटेक्ट दोघांना एक मेसेज पुरला असता : ‘आर्किटेक्टच्या सूचनेप्रमाणे पूर्वेकडची ११ फुटिंग २.४ मीटरपर्यंत नेत आहे. जादा खर्च अंदाजे ९ लाख. हरकत असल्यास उद्या सकाळपर्यंत कळवा.’ शेठनी उत्तर दिलं असतं किंवा दिलं नसतं. दोन्ही वेळी कागद आप्पांच्या बाजूनं बोलला असता.

मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि टोळी गावी गेली. मे महिन्यात कर्नाटकानं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना अटकाव केला. एरवी सकाळी टेम्पोनं येऊन संध्याकाळी घरी जाणारी माणसं बाचीच्या नाक्यावर परराज्यातली ठरली. काम ऑगस्टमध्ये अर्ध्या टोळीवर सुरू झालं, म्हणजे कराराची मुदत संपत आली तेव्हा. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा निगेटिव्ह अहवाल सक्तीचा झाला, मग दुसरी लाट आली. याच काळात सळईचे भाव चढत गेले. शेड आणि ऑफिस ताब्यात गेलं ऑगस्ट २०२१ मध्ये. महिन्याभरात शेठची मशिनं तिथे सुरू झाली.

सप्टेंबरमध्ये आप्पांनी शेवटचं बिल दिलं. करारातल्या कामाचे शिल्लक ११ लाख २० हजार, पायाच्या जादा कामाचे साडेनऊ लाख आणि सळईच्या भाववाढीचे ४ लाख ९० हजार. आधी कापलेलं रिटेन्शन ६ लाख होतं. एकूण येणं ३१ लाख ६० हजार.

शेठचं उत्तर तोंडीच आलं. वर्षभर उशीर झाला म्हणून पाच टक्के दंड, म्हणजे ६ लाख वजा. ऑफिसच्या पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) गळती आणि एका खोलीच्या फरशीला तडे, त्याचे साडेतीन लाख वजा. जादा काम लेखी नाही म्हणून शून्य. भाववाढ करारात नाही म्हणून शून्य. बराच पाठपुरावा झाल्यावर डिसेंबरमध्ये त्यांनी ८ लाखांचा चेक दिला. तो अपुऱ्या शिलकीमुळे परत आला.

आप्पांच्या मनातले पर्याय

कागद घेऊन आप्पा सल्ल्यासाठी आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच मार्ग होता : पोलिसांत फसवणुकीची तक्रार. सीमाभागातले बरेच कंत्राटदार पहिल्यांदा तिकडेच वळतात, कारण दिवाणी दावा म्हणजे वर्षानुवर्षं, ही भीती. पण पैसे न देणं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. करार करतानाच बुडवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. इथे शेठनी एक कोटीच्या वर बिलं वेळेवर दिलेली होती. तक्रार टिकली नसती, आणि ‘दिवाणी वादाला गुन्ह्याचा रंग दिला’ हा शिक्का पुढच्या प्रत्येक पायरीवर आप्पांना चिकटला असता. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय आकर्षक होता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार ४५ दिवसांत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय अर्ज पुरवठादाराच्या राज्यातल्या, अशा थकबाकीच्या वादांसाठीच्या परिषदेकडे करता येतो. आप्पांना बेळगावात यायचीही गरज नव्हती. पण त्यांची उद्यम नोंदणी (लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) २०२१ ची, करार २०१९ चा. नोंदणी आधीच्या कराराला मागे जाऊन लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्येच म्हटलं होतं. दुसरी अडचण अशी की मजुरी आणि माल एकत्र असलेलं बांधकामाचं कंत्राट या कायद्यात बसतं का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही आणि मुंबई उच्च न्यायालयाचा कल बसत नाही असा आहे. जिंकल्यावर दहा वर्षं त्याच मुद्द्यावर भांडत बसायचं असेल तर तो विजय कसला?

तिसरा प्रश्न लवादाचा, म्हणजे कोर्टाऐवजी त्रयस्थाकडून निवाडा घेण्याचा. आर्किटेक्टचा निर्णय बंधनकारक, हे कलम वाचून शेठच्या वकिलांनी फोनवर सांगितलं होतं की हा लवादाचा करार आहे, कोर्टात जाता येणार नाही. इथे आम्ही जास्त वेळ घालवला. कारण खरोखरच लवादाचा करार असेल आणि आपण दावा लावला, तर समोरचा पहिल्याच तारखेला दावा लवादाकडे पाठवा म्हणून अर्ज देतो आणि वर्ष वाया जातं. पण कलमात लवादाचा, साक्षीपुराव्याचा, दोघांचं ऐकून निवाडा देण्याचा कुठे मागमूस नव्हता. अशाच धर्तीचं, अभियंत्याचा निर्णय अंतिम असं कलम सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात लवादाचा करार मानलं नव्हतं. आणि मानलं असतं तरी हा आर्किटेक्ट शेठकडून फी घेणारा. एका पक्षाच्या सल्लागाराला लवाद होता येत नाही, ही तरतूद २०१५ च्या दुरुस्तीनं लवादाच्या १९९६ च्या कायद्यात आली आहे. मग नवा लवाद नेमायला उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जावं लागलं असतं. तीस लाखांच्या वादाला हा खर्च जड होता.

उरला दावा. बांधकामाचा करार आणि रक्कम तीन लाखांच्या वर, त्यामुळे २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्यात तो बसत होता. करारात कोर्टाचा उल्लेख नसल्यानं जागेचा प्रश्न उघडा होता. सही गडहिंग्लजला झाली होती, म्हणून दाव्याच्या कारणाचा एक भाग महाराष्ट्रात घडला, असं म्हणता आलं असतं. आप्पांची इच्छाही तीच होती. आमचं मत पडलं बेळगाव. काम बेळगावात, मालक बेळगावात, आर्किटेक्ट आणि साक्षीदार बेळगावात, आणि हुकूमनामा मिळाला तर वसुली जिच्यातून करायची ती मालमत्ताही बेळगावात. गडहिंग्लजच्या कोर्टात पहिली दोन वर्षं फक्त अधिकारक्षेत्रावर गेली असती.

चेकचं मात्र उलट होतं. चेकच्या कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक ज्याच्या खात्यात भरला त्याच्या बँकेची शाखा जिथे आहे, तिथल्या न्यायालयात चेक न वटल्याची, १३८ कलमाची फिर्याद चालते. आप्पांचं खातं गडहिंग्लजला. म्हणजे एकाच व्यवहाराचा पैशाचा दावा कर्नाटकात आणि चेकची फिर्याद महाराष्ट्रात. सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे, पण बिलं, चेक आणि सिमेंटच्या गाड्या यांच्यापुरती सीमा रोजच्या रोज ठरतच असते.

कागदांची जुळवाजुळव

चेकला आधी हात घातला, कारण तिथे घड्याळ जोरात चालतं. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते. आप्पांनी ती दिली नव्हती, कारण शेठनी “केस कशाला, महिन्यात देतो की” म्हटलं होतं. कोविडकाळातल्या मुदतवाढीचा आधार घेता आला असता. सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता. पण त्यावर वाद ओढवून घेण्यापेक्षा सोपा उपाय हाताशी होता. चेक तारखेपासून तीन महिने चालतो आणि त्या अवधीत पुन्हा भरता येतो. फेब्रुवारीच्या शेवटी तो पुन्हा भरला, पुन्हा परत आला, आणि या वेळी आठवड्याच्या आत नोटीस गेली. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत, तेव्हा पुढच्या महिन्याच्या आत गडहिंग्लजला फिर्याद दाखल झाली.

मग पायाच्या जादा कामाचा पुरावा. आर्किटेक्टचा मेसेज पुतण्याच्या जुन्या फोनवर होता आणि त्यानं फोन बदलला होता. जुना फोन घरातली पोरं खेळायला वापरत होती. सुदैवानं मेसेज शाबूत होते. त्या वेळच्या पुरावा कायद्याच्या ६५ब कलमाखालचं प्रमाणपत्र नसेल तर अशा मेसेजची छापील प्रत पुरावा म्हणून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये पुन्हा पक्कं केलं होतं. प्रमाणपत्र फोन ज्याच्या ताब्यात होता त्यानं द्यायचं असतं, म्हणून ते आप्पांनी न देता पुतण्यानं दिलं. आज हीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमात ६३ व्या कलमात आहे.

मेसेज खोली सांगतो, माप सांगत नाही. मेजरमेंट बुकात (मापांच्या वहीत) त्या दिवसांची नोंद त्रोटक होती आणि तिच्यावर आर्किटेक्टची सही नव्हती. कामी आल्या त्या चिठ्ठ्या. जेसीबीच्या तासांच्या आणि डंपरच्या खेपांच्या चिठ्ठ्यांवर शेठच्या वॉचमनची सही होती, कारण गेटमधून गाडी आत सोडायची तर सही हवी, हा शेठचाच नियम. खड्ड्यात उभी धरलेली मापाची पट्टी दिसणारे तारखेसकट फोटो होते. रबलचे चलन होते. हे सगळं एका तक्त्यात बसवलं तेव्हा साडेनऊ लाखांपैकी सुमारे आठ लाखांचा खर्च कागदावर उभा राहिला. उरलेला मजुरीचा होता, आणि हजेरीपटात कोणत्या मजुराचा कोणता दिवस कोणत्या खड्ड्यावर गेला हे लिहिलेलं नव्हतं.

सगळ्यांत मोठं घबाड मात्र आप्पांच्याच प्राप्तिकराच्या कागदांत निघालं. फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर कुणी किती कर कापून भरला याच्या उताऱ्यात, शेठच्या फर्मनं जुलै-सप्टेंबर २०२१ च्या तिमाहीत आप्पांच्या नावावर २० लाख ७० हजार जमा दाखवून एक टक्का, म्हणजे २० हजार ७०० रुपये टीडीएस भरला होता. हा आकडा म्हणजे शिल्लक बिल अधिक पायाचं जादा काम, बरोब्बर. शेठच्या हिशेबनिसानं शेवटच्या बिलातून फक्त भाववाढ वगळून बाकीचं वहीत चढवलं होतं. शेठ तोंडानं जादा काम नाकारत होते आणि त्यांची वही ते मान्य करत होती. टीडीएस भरला म्हणजे कर्ज कबूल केलं, असं प्रत्येक न्यायालय मानत नाही. पण समोरच्या वकिलाच्या टेबलावर ठेवायला हा कागद फार वजनदार होता.

कायद्याची मांडणी दोन पायांवर केली. पहिला, लेखी आदेशाची अट शेठच्या आर्किटेक्टनंच मोडली आणि शेठच्या माहितीत मोडली. दुसरा, करार कायदा १८७२ चं ७० वं कलम : फुकट करायच्या हेतूनं न केलेल्या कामाचा फायदा घेतला तर भरपाई द्यावी लागते. शेड आज त्याच फुटिंगवर उभी आहे.

दंडाच्या मुद्द्यावर आप्पा अर्थ मंत्रालयाचं १३ मे २०२० चं पत्रक छापून घेऊन आले होते. ते सरकारी कंत्राटांना मुदतवाढ देणारं, खासगी कराराला त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा करार कायद्याचं ५५ वं कलम भक्कम होतं. मुदत उलटल्यावर मालकानं काम चालू ठेवू दिलं आणि उशिरा झालेलं काम स्वीकारताना ‘भरपाई मागणार आहे’ असं कळवलं नाही, तर नंतर ती मागता येत नाही. ऑगस्ट २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात शेठनी एकही पत्र दिलं नव्हतं, चालू बिलं मात्र दिली होती.

दुखऱ्या जागा आमच्याही बाजूला होत्या. करारावरचा मुद्रांक. कर्नाटकातल्या कामाचा करार बाहेरच्या राज्यात झाला असेल तर इथल्या दरानं फरक भरावा लागतो. नाही भरला तर कोर्टात फरक आणि त्याच्या दहापट दंड भरेपर्यंत करार पुराव्यात येत नाही. रक्कम मोठी नव्हती, ती भरायची तयारी ठेवली. कराराचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. आणि माणसांचा प्रश्न. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानुसार एका राज्यातून पाच किंवा अधिक माणसं दुसऱ्या राज्यात कामाला नेणाऱ्या कंत्राटदाराला परवाना लागत असे. रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्या चंदगडच्या गवंड्यांना कुणी स्थलांतरित म्हणत नाही, पण कायद्याच्या व्याख्येत ते बसू शकत होते. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या, पण हे काम जुन्या कायद्यांच्या काळातलं.) शेठनी कामगार खात्यात तक्रार करण्याची भाषा केली तेव्हा आप्पा हादरले. आम्ही त्यांना एवढंच दाखवलं की बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखालची नोंदणी आणि एक टक्का उपकर यांचा प्रश्न शेठपर्यंतही पोचतो, कारण कामाचे मालक तेच. ती भाषा पुन्हा निघाली नाही.

मध्यस्थी

तातडीचा आदेश मागायचा नसेल तर वाणिज्य दाव्याआधी मध्यस्थीची पायरी घ्यावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाटील ऑटोमेशन प्रकरणात ती सक्तीची असल्याचं सांगितलं. आप्पांचा अर्ज जूनमध्येच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला होता. बरेच वकील ही पायरी उरकायची म्हणून उरकतात. इथे ती मनापासून वापरावी, असं आमचं मत होतं, आणि त्याला जीएसटीचं एक कारण होतं. आप्पा सप्टेंबर २०२१ च्या बिलावर, म्हणजे २५ लाख ६० हजारांवर, १८ टक्के आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा जीएसटी) दाखवून बसले होते. पैसे आले नव्हते, कर देय झाला होता, आणि तो त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून भरला होता. बिल कमी करायचं तर क्रेडिट नोट पुढच्या आर्थिक वर्षातल्या ठरावीक मुदतीतच काढता येते. दावा चार वर्षं चालला असता तर सोडून दिलेल्या रकमेवरचाही कर बुडाला असता.

पहिल्या बैठकीत काहीच झालं नाही. दोघं समोरासमोर बसले की जुनं निघायचं, लग्नातला आहेरसुद्धा. मध्यस्थ कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारे होते, बोलणं मराठीतच चाललं. दुसऱ्या वेळी त्यांनी दोघांना वेगळं बसवलं आणि एकेक बाब घेतली. २६एएसचा कागद तेव्हा पुढे केला. शेठ बराच वेळ तो बघत राहिले आणि मग हिशेबनिसाला फोन लावायला बाहेर गेले. त्यानंतर जादा काम शून्य, हा सूर बदलला.

सळईची भाववाढ आम्ही सोडून द्यायचं आधीच ठरवलं होतं. करारात कलम नसताना ती मिळणं अवघड होतं. ती मागणीत ठेवली होती ती देवघेवीसाठी. दुरुस्तीवर मात्र आप्पांची बाजू लंगडी होती. गळतीची तक्रार ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, तेव्हा “आधी पैसे, मग माणसं” म्हणून त्यांनी कुणाला पाठवलं नाही. दोन माणसं आणि चार पोती सिमेंटमध्ये मिटलं असतं ते शेठनी दुसऱ्याकडून करून घेतलं, आणि त्याचं बिल फुगलं.

निकाल

सप्टेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. शिल्लक बिल ११ लाख २० हजार पूर्ण, रिटेन्शन ६ लाख पूर्ण, जादा कामाचे साडेसहा लाख, त्यातून दुरुस्तीचे २ लाख २० हजार वजा. भाववाढ नाही, दंड नाही, व्याज नाही. एकूण साडेएकवीस लाख, बिलावरचा जीएसटी वेगळा. त्यातले ८ लाख सहीच्या दिवशी डिमांड ड्राफ्टनं, उरलेले दोन हप्त्यांत. शेवटचा हप्ता मिळाल्यावर गडहिंग्लजची चेकची फिर्याद आपसात मिटवायची. तडजोडनामा इंग्रजीत लिहिला, सह्यांआधी मराठीत वाचून दाखवला. अशा तडजोडीला लवादाच्या निवाड्याचा दर्जा असतो, म्हणजे मोडली तर नव्यानं दावा न लावता थेट वसुलीला जाता येतं.

७ लाख ९० हजारांची क्रेडिट नोट मुदतीत निघाली. शेवटचा हप्ता जानेवारी २०२३ चा होता, तो मार्चमध्ये आला. फिर्याद तोवर चालूच होती म्हणूनच तो आला, असं मला वाटतं.

आप्पा खूश नव्हते. पतसंस्थेचं व्याज धरलं तर त्यांनी या कामात फारसं काही कमावलं नाही. त्यांच्या मते पायाच्या साडेनऊ लाखांतले तीन लाख सोडणं हा अन्याय होता. मला तो सौदा वाईट वाटत नाही. कागदावर आठ लाख उभे होते, दाव्यात त्यातले किती टिकतील हे सांगता येत नव्हतं, आणि साडेसहा लाख वर्षभरात हातात आले. दुरुस्तीचे सव्वादोन लाख मात्र निव्वळ हट्टापायी गेले.

वेगळं काय करता आलं असतं

माती परीक्षण. या आकाराच्या शेडसाठी त्याचा खर्च साडेनऊ लाखांच्या तुलनेत किरकोळ असतो. तो मालकानं करायचा की कंत्राटदारानं, हा वाद करारातच मिटवता येतो. आप्पांच्या आताच्या करारात कलम आहे : ठरलेल्या खोलीखाली गेल्यास दर घनमीटरला अमुक दर, खड्ड्यातच संयुक्त माप, त्याच दिवशी दोघांच्या सह्या. सही करायला मालक आला नाही तर फोटोसह कळवलेलं माप मान्य धरायचं.

जादा कामाचं बिल शेवटपर्यंत राखून ठेवायला नको होतं. जानेवारी २०२० च्या चालू बिलात ते गेलं असतं तर शेठना तेव्हाच हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. त्या वेळी अर्ध्याहून अधिक काम बाकी होतं आणि गरज शेठना होती. मुदतीचं गणितही सोपं राहिलं असतं. केलेल्या कामाच्या पैशाची तीन वर्षांची मुदत काम झाल्यापासून मोजली जाऊ शकते, शेवटच्या बिलाची वाट बघत नाही. इथे कोविडच्या वगळलेल्या काळानं सांभाळून घेतलं, एरवी पायाचा भाग आधी मुदतबाह्य झाला असता.

लॉकडाउननंतर काम पुन्हा सुरू करताना मुदतवाढीचं एक पानी पत्र शेठकडून घ्यायला हवं होतं. शेठ तेव्हा नाही म्हणाले नसते, त्यांनाही माणसं हवी होती. त्याच पत्रात सळईचा मूळ दर लिहून घेता आला असता.

जीएसटीचा प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही. बेळगावातच घेऊन साइटवर उतरवलेल्या मालावर कर्नाटकाचा सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या व्यवहाराचा जीएसटी) लागतो आणि महाराष्ट्राच्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, अडकतं. दीड वर्ष साइट ऑफिस चालवणाऱ्यानं कर्नाटकात वेगळी नोंदणी घ्यावी, असं त्यांच्या सीएचं म्हणणं आहे. आप्पांनी ती पुढच्या कामापासून घेतली. करार आता ते बेळगावात, कर्नाटकाच्या ई-स्टॅम्पवर करतात, मराठी आणि इंग्रजी समोरासमोरच्या रकान्यांत. वादाचं कलम दोन ओळींचं आहे : आधी मध्यस्थी, मग बेळगावचं न्यायालय. आर्किटेक्टचं नाव त्यात कुठेही नाही.